लग्नात आपली वचनं आपणच लिहायची: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

हल्ली बऱ्याच जणांना वाटायला लागलंय की लग्नात आपणही चार शब्द बोलावेत, नुसतं भटजी सांगतील तिथं पाणी सोडायचं आणि फोटोग्राफर म्हणेल तिकडं बघायचं एवढ्यावर भागू नये. मी आमच्या भागात लग्नांना निवेदन करतो, माईक माझ्याच हातात असतो, त्यामुळं पोरंपोरी आधी येऊन विचारतात, दादा आम्हाला एकमेकांना वचन द्यायचंय पण लिहायचं काय तेच सुचत नाही, नेटवर बघितलं तर सगळं परदेशातलं. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वचन असं लिहा की लग्नाची गडबड संपल्यावर सोमवारी सकाळी घरात ते पाळता येईल, आणि असं बोला की मागच्या खुर्चीवर बसलेल्या आज्जीला पहिल्या झटक्यात कळेल. या दोन गोष्टी जमल्या की भाषा सुंदर असली-नसली काही फरक पडत नाही.

आधी, कधी बोलायचं ते ठरवा

बहुतेक जण आधी लिहायला बसतात आणि मग लग्नाच्या दिवशी बोलायला जागाच मिळत नाही. आमच्याकडची लग्नं तुम्हाला माहीत आहेत. पत्रिकेवर अक्षता १२:३५ लिहिलेलं असतं, निम्मे पाहुणे १२:२० ला गाडी लावत असतात, मंगलाष्टकं सुरू होतात, शेवटचं 'सावधान' झालं रे झालं की बँजो सुरू, बाहेर फटाक्यांची माळ, आणि पाच मिनिटांत अर्धा हॉल जेवणाच्या पंगतीकडं. त्या गोंधळात तुम्ही कितीही मनापासून बोला, पुढच्या दोन रांगांनाही ऐकू जाणार नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ म्हणजे अंतरपाट धरायच्या आधीची आठ-दहा मिनिटं. सगळ्यांच्या हातात अक्षता वाटून झालेल्या असतात आणि हातात अक्षता आहेत तोवर कोण उठून जात नाही, शिवाय सगळे स्टेजकडंच बघत असतात. यासाठी मुहूर्ताच्या आधी दोघांनी तयार होऊन स्टेजवर असायला पाहिजे, नवरीच्या मेकअपवालीला वेळ अर्धा तास आधीची सांगा, नाहीतर हे होतच नाही.

दुसरी वेळ सप्तपदीनंतर. तेव्हा होमाजवळ फक्त घरची माणसं असतात, बाकी सगळे जेवायला गेलेले. ज्यांना चारशे लोकांसमोर बोलायची भीती वाटते त्यांनी हीच वेळ धरावी, माईकसुद्धा लागत नाही. तिसरी वेळ म्हणजे रिसेप्शन, आपल्याकडं बऱ्याचदा ते आदल्या रात्रीच असतं. पण तिथं ऑर्केस्ट्रा आणि आहेराची रांग असते, त्यामुळं रिसेप्शनला बोलायचं असेल तर रांग सुरू व्हायच्या आधी बोलून मोकळं व्हा.

वेळ ठरली की भटजींना महिनाभर आधी भेटा, फोनवर नको, समोर जाऊन. 'गुरुजी, तुमचा एकही विधी कमी करायचा नाही, फक्त मुहूर्ताच्या आधी आम्हाला पाच मिनिटं पाहिजेत' एवढं सांगितलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात, कारण त्यांची काळजी एकच असते, मुहूर्त टळू नये. नंतर बँजोवाल्यांच्या म्होरक्याला आणि हॉलच्या साऊंडवाल्याला पण सांगून ठेवा. हे काम करवलीवर किंवा मामावर सोपवा, नवरा-नवरीनं त्या दिवशी साऊंडवाल्याच्या मागं फिरायचं नाही.

कायद्याचं थोडकं

वचनं लिहिली म्हणून विधी वगळायचे नाहीत, हे नीट लक्षात घ्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लग्न दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी करून लावायला लागतं, आणि ज्या रूढीत सप्तपदी आहे तिथं सातवं पाऊल टाकलं की लग्न पूर्ण होतं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण स्पष्ट सांगितलंय की विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर या कायद्याखाली ते लग्न होत नाही. म्हणजे तुमची वचनं ही विधीच्या सोबत, विधीच्या जागी नाहीत.

रजिस्टर लग्न करणार असाल, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, तर तिथं एकमेकांना बोलायचं वाक्य कायद्यातच आहे: मी अमुक, तुला अमुक यांना, माझी कायदेशीर पत्नी किंवा माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारतो. हे अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर बोलायचं, आणि दोघांना कळेल त्या भाषेत बोलता येतं. त्याला जोडून तुमचं स्वतःचं बोलायचं असेल तर ऑफिसातल्या साहेबांना आधी विचारा, नाहीतर घरी आल्यावर घरच्यांसमोर बोला. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायला लागतं, आणि नोटीस देताना दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात आधीचे किमान ३० दिवस राहत असला पाहिजे. पोरगा निपाणीचा आणि पोरगी कागलची असेल तर राज्य वेगळं, जिल्हा वेगळा, तेव्हा नोटीस कुठं द्यायची हे तारीख ठरवायच्या आधी बघून घ्या.

कॅथलिक मंडळींसाठी, चर्चमधल्या संमतीचे शब्द ठरलेले असतात, ते बदलता येत नाहीत, तुमचं स्वतःचं रिसेप्शनला बोला.

मग दोघं एकदा बसा

वचनाचा मजकूर एकमेकांना दाखवायचा नसेल तर नका दाखवू, मांडवातच पहिल्यांदा ऐकण्यात मजा आहे. पण वचनातले विषय आधी बोलून झालेले पाहिजेत. मी हे फार कळकळीनं सांगतोय, कारण चारशे माणसांसमोर समोरच्याला नवीन बातमी कळली तर ते वचन राहत नाही, ते अडकवणं होतं. नवऱ्यानं स्टेजवर म्हटलं 'मी तुला पुण्याला नेणार' आणि नवरीची नोकरी बेळगावात पक्की झालेली, तर ती बिचारी तिथं काय बोलणार?

म्हणून एक संध्याकाळ काढा, किल्ल्याच्या तळ्याकडं जा नाहीतर घरच्या गच्चीवर बसा, आणि या गोष्टी सरळ विचारा. लग्नानंतर राहायचं कुठं. नोकरी कुणाची कुठं. पगार कुणाच्या खात्यात, घरात किती द्यायचं. आईवडिलांचं आजारपण आलं तर कोण बघणार, आणि मुलीच्या आईवडिलांचं सुद्धा, हे मुद्दाम विचारा कारण हा प्रश्न आपल्याकडं कोण काढतच नाही. पोरं झाली तर शाळा मराठी, कन्नड की इंग्लिश मीडियम, हा आपल्या भागात साधा प्रश्न नाही, यावर घरोघरी वाद झालेले आहेत, तर तो मांडवाच्या आधी निघालेला बरा.

हुंड्याचं पण इथंच बोला. १९६१ पासून हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे, तरी 'आमचं काही मागणं नाही' म्हणत म्हणत यादी वाढत जाते हे आपण सगळे बघतो. मागं यादी चालू असताना पुढं माईकवर 'मी तुला लक्ष्मीसारखं ठेवीन' म्हणणं मला ऐकवत नाही. पोरांनो, वचन लिहायच्या आधी घरात बसून ती यादी थांबवा, ते जमलं तर तुमचं पहिलं वचन पाळून झालं असं समजा.

शेवटी तीन गोष्टी ठरवून उठा: किती मिनिटं बोलायचं, थोडं हसवायचं का एकदम गंभीर, आणि आधी कोण बोलणार. एक जण अर्धा मिनिट आणि दुसरा सात मिनिटं असं झालं की फार विचित्र दिसतं.

ओळख तीनच महिन्यांची असेल तर

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. नेटवरची सगळी उदाहरणं दहा वर्षं प्रेमात असलेल्यांची, आणि आपल्याकडं बऱ्याच जणांचं बघून ठरलेलं, साखरपुडा आणि लग्न यात दोन-तीन महिने, त्यात बोलणं झालं ते फोनवर. मग लिहायचं काय?

खरं तेच लिहायचं. 'जन्मोजन्मीची ओळख' वगैरे लिहू नका, तुमच्या दोघांच्या घरच्यांना माहीत आहे तारीख. त्याऐवजी या थोड्या दिवसांत समोरच्याचं जे बघितलं त्यातली एक गोष्ट धरा, छोटी, डोळ्यांना दिसलेली. एका पोरानं लिहिलं होतं की बघायला आलो तेव्हा तू पाण्याचा तांब्या आधी बाहेर गाडीत बसलेल्या आमच्या ड्रायव्हरला नेऊन दिलास. एवढी एक ओळ ऐकून पोरीचे वडील डोळे पुसत होते, कारण लेकीला असंच वाढवलंय हे त्यांना कुणीतरी बघून सांगितलं.

अशी गोष्ट सापडत नसेल तर मोबाईलवरचं बोलणं वर जाऊन वाचा. तुम्ही आजारी होता तेव्हा तिनं काय लिहिलं? परीक्षा होती तेव्हा त्यानं किती वाजता उठवलं? पहिल्यांदा मत जुळलं नाही तेव्हा दोघं कसं वागलात? आणि स्वतःलाही विचारा, मला राग आला की मी काय करतो, माझी कुठली सवय समोरच्याला जड जाणार. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातनंच सगळ्यात चांगलं वचन निघतं. आठवडाभर वहीत नुसतं टिपत जा, वाक्यं करायची घाई करू नका.

साचा पाहिजे तर सप्तपदीच घ्या

कोऱ्या कागदाकडं बघून घाबरायला होतं, तेव्हा बाहेरचा साचा शोधण्यापेक्षा जो होमाभोवती आपण चालणारच आहोत तोच वापरा. सात पावलांना सात अर्थ आहेत: पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी आणि सातवं सख्यासाठी, 'सखा सप्तपदी भव'. पाठात इकडंतिकडं थोडा फरक असतो, तुमच्या भटजींना विचारून घ्या. प्रत्येक पावलाला आपल्या घरातली एक ओळ लिहायची, बस्स, दोघांनी मिळून सात केल्या तरी चालतात, एकट्यानं सात करायचा हट्ट नको.

अन्नाची ओळ बघा. आपल्याकडं अजून बऱ्याच घरांत सगळ्यांना वाढून बाई शेवटी एकटी जेवते. मग लिहा, 'रात्रीचं जेवण आपण दोघं एकदम ताटावर बसू, वाढायचं कोण हे रोज बदलेल.' हे वाक्य किती साधं आहे, पण ज्या घरात ते पाळलं जाईल तिथं काय बदल होईल विचार करा.

बळ म्हणजे तब्येत. 'तुला बरं नसेल तर सुट्टी मी काढीन.' धनाला, 'सोसायटीचं कर्ज असो, भिशी असो की कुणाला जामीन राहायचं असो, दुसऱ्याला सांगितल्याशिवाय सही नाही.' आमच्या भागात जामीन राहून किती घरं अडचणीत आलीत हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ही ओळ मी प्रत्येकाला सुचवतो. सुखासाठी समोरच्याला कशात आनंद वाटतो ते धरा, तिचं भजनी मंडळ, त्याची रविवारची क्रिकेट टीम, ते बंद पडणार नाही असं लिहा.

पाचव्या पावलाला जरा जपून. मूल कधी, किती, हे माईकवर बोलायची गरज नाही, आणि काही जणांना ते बोलणं दुखावणारं पण असू शकतं. 'घरात जी लहान-म्हातारी माणसं आपल्या जिवावर असतील त्यांचं दोघं मिळून करू' एवढं पुरे.

सहावं पाऊल ऋतूंचं, आणि हे मला आपल्या भागासाठी फार आवडतं. खानापूर, कणकुंबीकडं पाऊस कसा असतो, रोप लावणीच्या दिवसांत घरात माणूस कसं कमी पडतं. एखाद्या जावयानं सगळ्यांसमोर म्हणावं, 'लावणीला तुमच्या शेतात मी दोन दिवस येणार, गुडघ्यापर्यंत चिखलात', सासरा खूश झाला नाही तर सांगा मला. निपाणीकडची मंडळी तंबाखूचा हंगाम धरतील, अथणी-कागवाडकडची ऊसतोडीचा. आपल्या घरचा हंगाम कुठला ते लिहा.

सातवं सख्य. इथं भांडणाचं लिहा. 'भांडण झालं तरी बोलणं बंद करणार नाही', किंवा 'आपल्यातलं आपल्यातच मिटवू, तुझ्या माहेरपर्यंत नेणार नाही'. पण एक सांगतो, 'कुणालाच सांगणार नाही' असं मात्र कुठल्याही पोरीनं वचन देऊ नये. त्रास झाला तर आईला, बहिणीला, मैत्रिणीला सांगायची वाट उघडी राहिली पाहिजे.

भाषा

घरात जसं बोलता तसं. 'मी तुझ्या जीवनरूपी वाटेवर' वगैरे लिहिलं की आवाजच बदलतो, पाठ केलेलं भाषण वाटतं. आपल्याकडं पोरी 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात, तर वचनातही तसंच राहू दे, कुणी पुण्याचं पाहुणं हसेल म्हणून 'मी येते' करायला जाऊ नका, तुमच्या तोंडात ते बसणार नाही.

समोरच्या घरात कन्नड बोलत असतील तर एक वाक्य कन्नडमध्ये जरूर घ्या, शेवटी घ्या म्हणजे आवाज आत्मविश्वासानं येतो. सगळ्यात सोपं आणि आपल्या उत्तर कर्नाटकातल्या बोलण्यातलं: 'ना यावागलू निन्न जोडी इर्तीनि', मी कायम तुझ्यासोबत असणार. घरातल्या कुणाकडनं तरी म्हणून घ्या आणि तसं बोला. नवऱ्याच्या अव्वाला, म्हणजे आईला, ते ऐकून जे वाटतं त्याला तोड नाही. आणि सीमेचा, भाषेचा वाद त्या पाच मिनिटांत आणू नका, मांडवात दोन्हीकडची माणसं जेवायला आलेली असतात.

सुरुवात जमत नसेल तर उखाण्यानं करा. नाव घ्यायची सवय आपल्याला आहेच, लोकही लगेच कान देतात. 'राकसकोपचं पाणी सगळ्या बेळगावाला पुरतं, अमुकचं नाव घेतलं की माझं मन भरतं', असं काहीतरी आपल्या गावातलं, आणि मग सरळ गद्यात बोलायला लागायचं. मंगलाष्टकच स्वतः रचायची हौस असेल तर ते वेगळं काम आहे, शार्दूलविक्रीडित वृत्त, एका ओळीत १९ अक्षरं आणि बाराव्यावर थांबा, घरात कुणी जाणतं असेल तर त्यांच्याकडनं करून घ्या, ओढूनताणून बसवलेलं म्हणताना अडखळायला होतं.

लिहिलेलं तपासा

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा, हे मी केलं की नाही हे तिसऱ्या माणसाला दिसेल का? 'तुला कायम सुखात ठेवीन' यात दिसण्यासारखं काही नाही. 'तुझ्या आईवडिलांना माझेच मानीन' हे पण हवेतलं. त्याजागी, 'आप्पांना महिन्यातनं एकदा चेकअपला केएलई हॉस्पिटलला न्यायचं काम माझं', हे दिसतं. 'तुझी स्वप्नं ती माझी स्वप्नं' काढून टाका आणि लिहा, 'तुझी बीएडची फी मी भरीन आणि परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाकाचं मी बघीन'. आणि जे जमणार नाही ते लिहूच नका, दारू सोडायची असेल तर आधी सोडा, मग बोला.

जुनी प्रकरणं, मित्रांमधले विनोद, एकमेकांच्या वजना-रंगावरचे टोमणे, सासूवरचे विनोद, हे सगळं बाहेर. कुणालाही खाली बघायला लावणारी ओळ असेल तर ती कितीही मजेशीर असली तरी काढायची.

आता मोठ्यानं वाचा आणि मोबाईलवर वेळ लावा. एका मिनिटात साधारण १२० शब्द सावकाश बोलून होतात, म्हणजे दीड मिनिटाला १८० शब्द, त्याच्यापुढं जाऊ नका. जिथं श्वास कमी पडतो तिथं वाक्य तोडा. घरातल्या एका मोठ्या माणसाला आणि एका लहान पोराला ऐकवा. पोरगं मध्येच खेळायला पळालं तर त्या जागी तुमचं लांबलंय.

दोन नमुने

हे उतरून घेण्यासाठी नाहीत, अंदाज यावा म्हणून देतोय. पहिला फौजी पोराचा आहे असं समजा. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, आपल्या बहुतेक गावांत मिलिटरीतली पोरं आहेत, त्यांची अडचण वेगळी असते.

'आपली ओळख साखरपुड्यापासूनची. तुला मी पूर्ण ओळखतो असं म्हणणार नाही. पण बघायला आलो त्या दिवशी तू माझ्या आज्जीला हात धरून पायरी उतरवलीस, ते बघून मी घरी हो सांगितलं. वर्षातले बरेच महिने मी पोस्टिंगवर असणार. रेंज असेल त्या दिवशी फोन करीन, रेंज नसणार असेल तर आधी कळवीन, तुला वाट बघत बसवणार नाही. पगाराचं खातं दोघांच्या नावावर करतोय, फॉर्म भरून झालाय. माझ्या मागं घरात तुला काही खटकलं तर मी आधी तुझं पूर्ण ऐकीन आणि मगच बोलीन. सुट्टीला आलो की पहिले दोन दिवस तुझ्या माहेरी. हे मी सगळ्यांसमोर बोललोय, माझ्याकडनं राहिलं तर इथला कुणीही मला विचारू शकतो.'

दुसरा पोरीचा, प्रेमविवाह, सासरी कन्नड:

'कॉलेज सुटल्यावर तू मला स्टँडवर सोडायला यायचास आणि खानापूरची बस हलेपर्यंत थांबायचास, पावसात पण. तेव्हा तू काही बोलायचा नाहीस, म्हणून आज मी बोलतो. राग आला की मी गप्प बसतो, दिवस दिवस, ही माझी सवय तुला माहीत आहे. आता एक रात्र, त्याच्यापुढं नाही. तुझं दुकान नवीन आहे, ते बसेपर्यंत घरखर्च माझ्या पगारातनं, फक्त तू हिशेब लपवायचा नाहीस. अव्वांचं बोलणं मला अर्धंच कळतं, रोज त्यांच्याजवळ बसून शिकतो. माझ्या आईला माझ्याशिवाय कुणी नाही, तिला मी दर महिन्याला पैसे देणार, हे तू मी सांगायच्या आधीच म्हणालास, त्याबद्दल सगळ्यांसमोर तुझे आभार मानतो. ना यावागलू निन्न जोडी इर्तीनि.'

घरचे म्हणाले हे काय नवीन

काका लोक म्हणतील, लग्नात नवरा-नवरी बोलतात होय? तर शांतपणे सांगा की बोलतातच. कन्यादानाच्या वेळी भटजी नवऱ्याकडनं 'नातिचरामि' म्हणून घेतात, धर्मात, अर्थात, कामात हिला सोडून वागणार नाही, हे वचनच आहे, फक्त संस्कृतात असल्यामुळं म्हणणाऱ्यालाही कळत नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, त्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत नवरा-नवरी एकमेकांशी बोलतात, नवरी आपले हक्क मागते. बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण-पंचशीलानंतर दोघं एकमेकांना प्रतिज्ञा देतात, नवरा बायकोचा मान राखीन, अपमान करणार नाही म्हणतो. आणि आपल्या कर्नाटकातच कन्नड कवी कुवेंपूंची मंत्र मांगल्य पद्धत आहे, १९६६ मध्ये त्यांच्या मुलाचं, पूर्णचंद्र तेजस्वींचं लग्न तसं झालं, बडेजाव नाही, सगळ्यांसमोर प्रतिज्ञा वाचायच्या. त्या पद्धतीनं आजही लग्नं लागतात.

तरी पण नाहीच म्हणाले तर भांडू नका, होमाजवळची वेळ धरा. आणि आई-काकूंना एक ओळ आधी वाचून दाखवा, विरोध बहुतेक वेळा तिथंच मावळतो.

लग्नाच्या दिवशी

मोबाईलवरनं वाचू नका. स्क्रीन बंद पडते, मध्येच कुणाचातरी 'कुठं आहे हॉल' म्हणून फोन येतो, आणि फोटोत पण वाईट दिसतं. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात, बॉलपेननं, शाई पेन नको, हाताला घाम असतो आणि वरनं हळद. मुंडावळ्या डोळ्यांवर येतात, त्यामुळं खाली मान घालून वाचलं की अक्षर दिसतच नाही, कार्ड छातीच्या उंचीवर धरायला लागतं. नवरीनं मुंडावळ्या बांधून घरी एकदा वाचून बघावंच. हार हातात असतो, नारळ असतो, म्हणून कार्ड करवलीकडं द्या, आणि दुसरी कॉपी निवेदकाकडं किंवा भावाकडं.

माईक हनुवटीच्या खाली, तोंडापासून चार बोटं. तो दुसऱ्या कुणीतरी धरावा. बोलताना लोकांकडं बघू नका, समोरच्याकडं बघा, वचन त्याला देताय. अंतरपाटाच्या आधी बोलताना अंतरपाट धरणाऱ्यांना बाजूला उभं करा, नाहीतर ते उत्साहात मध्येच धरतात.

रडू आलं तर थांबा, कुणाला घाई नाही. अजिबातच पुढं बोलता येईना तर कार्ड समोरच्याच्या हातात द्या, उरलेलं त्यानं वाचलं तरी चालतं. 'टाळ्या वाजवा' असं निवेदकानं मध्ये म्हणू नये हे त्याला आधीच सांगून ठेवा, मी स्वतः त्या वेळी एक शब्द बोलत नाही. आणि व्हिडिओवाल्याला बजावून सांगा की या भागावर गाणं टाकायचं नाही, मूळ आवाज ठेवायचा, साऊंडवाल्याकडनं वेगळं रेकॉर्डिंग घ्यायचं, कारण एडिटिंगला गेल्यावर तो सवयीनं पहिलं काम तेच करतो आणि मग तुमचं बोलणं परत ऐकायला मिळत नाही.